मॅन ओव्हरबोर्ड बीकन

मॅन ओव्हरबोर्ड बीकन : नौकेवरून पाण्यात पडलेल्या माणसाचे स्थान रेडिओ संदेशाने कळवणारे, अंगावर बाळगायचे छोटे उपकरण. संपूर्ण नौका संकटात सापडल्यावर वापरायचे ईपर्ब हे उपकरण त्या नौकेच्या नावे नोंदलेले असते. हा बीकन मात्र एका माणसासाठी असतो आणि बहुधा त्याच्या लाइफ जॅकेटमध्येच बसवलेला असतो.

ताशी ७ सागरी मैल वेगाने जाणारी शिडाची नौका मिनिटाला सुमारे २१६ मीटर अंतर कापते. शिडे आवरून नौका वळवण्यात पाच मिनिटे गेली, तर पडलेला माणूस एक किलोमीटरहून अधिक मागे राहतो, आणि लाटांमध्ये पाण्याबाहेर राहिलेले केवळ एक डोके तेवढ्या अंतरावरून दिसणे जवळजवळ अशक्य असते. पाणी थंड असेल, तर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो आणि पुढच्या सुमारे दहा मिनिटांत हातांतील बळ ओसरते. आवरण उघडून बटण दाबणेही मग जमत नाही. म्हणूनच अनेक बीकन जॅकेट फुगताना ओढल्या जाणाऱ्या पट्टीने किंवा पाण्याच्या स्पर्शाने आपोआप चालू होतात. घडी घालून ठेवलेली पातीसारखी अँटेना त्या वेळी सुटून उभी राहते. ती पाण्याबाहेर राहणे अत्यावश्यक आहे, कारण या लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत.

बीकन निवडताना त्याची हाक नेमकी कोणी ऐकायची, हा खरा प्रश्न असतो. किनाऱ्यापासून दूर, काही मिनिटांत पोहोचू शकेल अशी नौका बहुधा एकच असते, आणि ती म्हणजे ज्या नौकेवरून माणूस पडला तीच. एआयएस (जहाजांची स्वयंचलित ओळख यंत्रणा) पद्धतीचा बीकन मुख्यतः तिच्यासाठी असतो. जहाजे आपली ओळख व स्थान कळवण्यासाठी वापरतात त्याच १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या वारंवारतांवर तो दर मिनिटाला आठ संदेशांचा एक गुच्छ पाठवतो. लाटेच्या घळीत असताना संदेश अडतो. पण आठ संदेश काही सेकंदांच्या अंतराने गेल्यामुळे त्यांतील एखादा तरी लाटेच्या माथ्यावरून सुटण्याची शक्यता वाढते. त्याचा ओळख क्रमांक ९७२ या आकड्यांनी सुरू होतो. पुढचे आकडे निर्माता व उपकरण दर्शवतात, माणसाचे नाव सांगत नाहीत. जीपीएसला पहिले स्थान मिळेपर्यंत काही वेळ जातो, त्यामुळे सुरुवातीचे संदेश स्थानाविना जाऊ शकतात. डोलकाठीच्या टोकावर अँटेना असलेल्या नौकेला हा संकेत साधारणपणे चार-पाच सागरी मैलांपर्यंत मिळतो, विमानाला त्याहून दुरून.

उत्तर पॅसिफिक महासागरात २०१४ साली क्लिपर या जगप्रदक्षिणा शर्यतीतील एका नौकेवरून पडलेला खलाशी तासाहून अधिक काळ पाण्यात होता. तो नजरेआड झाल्यावर त्याचा ठावठिकाणा लागण्यात एआयएस बीकनच्या संकेताची मदत झाली; तोवर तो तग धरू शकला, त्यात जलरोधक पोशाखाचाही वाटा होता. तरंगत ठेवणे हे बीकनचे काम नव्हे, ते जॅकेटचेच.

काही बीकन एआयएसच्या जोडीला डीएससी, म्हणजे रेडिओवरून जाणारा अंकीय इशारा, हा संदेशही पाठवतात. त्याने नौकेवरील व्हीएचएफ रेडिओचा भोंगा वाजतो, आणि ही जोड मोलाची आहे. जुन्या चार्टप्लॉटरवर (सागरी नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर) ९७२ क्रमांकाची वेगळी दखल घेतली जात नाही; पडलेला माणूस तिथे साध्या जहाजासारखा दिसतो आणि धोक्याची घंटा वाजत नाही. रात्री खाली झोपलेल्यांच्या दृष्टीने असा मूक संकेत जवळपास निरुपयोगी ठरतो. डीएससी संदेश केवळ आपल्या नौकेला जावा की आसपासच्या सर्व जहाजांना, याबाबतचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

पीएलबी (व्यक्तिगत स्थानदर्शक बीकन) हा तिसरा प्रकार ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणेशी बोलतो. तिचा संदेश बचाव समन्वय केंद्राकडे जातो, म्हणून उपकरण मालकाच्या नावे नोंदवलेले असावे लागते. केंद्र त्या नोंदीतील संपर्कांकडे आधी चौकशी करू शकते. शेजारची नौका मात्र ४०६ मेगाहर्ट्झचा संकेत सहसा ऐकत नाही. बचाव पथके जवळ आल्यावर १२१.५ मेगाहर्ट्झच्या दिशादर्शक संकेताचा माग घेतात. त्या वारंवारतेवरील उपग्रहीय निगराणी १ फेब्रुवारी २००९ रोजी बंद झाली. एकट्याने नौका हाकणाऱ्याची नौका तो पडल्यावर रिकामीच पुढे जाते, त्यामुळे त्याला पीएलबी अधिक उपयोगाचा. सोबत माणसे असलेल्यांना एआयएस. दोन्ही सोयी एकत्र असलेली उपकरणेही आता मिळतात.

बीकनची चाचणी निर्मात्याने दिलेल्या चाचणी अवस्थेतच घ्यायची असते, कारण प्रत्यक्ष चालू केल्यास खरी शोधमोहीम सुरू होऊ शकते. कालबाह्य पीएलबी टाकून देण्याआधी त्याची बॅटरी काढून घेणे आणि नोंदणी रद्द करणे गरजेचे असते; कचऱ्यात फेकलेले जुने बीकन चालू होऊन शोधपथके कचराभूमीपर्यंत पोहोचल्याचे प्रकार घडले आहेत.