मुलं शिकणार कुठे? मिशनरी कुटुंबांच्या परदेशवासाची पार्श्वभूमी

मिशनरी कुटुंबांविषयीचं लिखाण दवाखाने, छापखाने आणि धर्मांतर यांपाशी सुरू होतं आणि बहुधा तिथेच संपतं. पण घरात सहा-सात मुलं असली की त्या घराचा पैसा, प्रवास आणि कामाचे महिने या सगळ्यांवर हुकूम चालतो तो मुलांच्या शाळेचा. मुंबई, अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) आणि सोलापूर या पट्ट्यातल्या अमेरिकन कुटुंबांकडे पाहिलं तर हे स्पष्ट दिसतं.

१८१३ साली मुंबईत उतरलेले पहिले अमेरिकन मिशनरी जन्मभराच्या बोलीवर आले होते. ठरावीक काळाने मिळणारी मायदेशची रजा ही सोय पुढची. बोस्टनहून शिडाचं जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला (केप) वळसा घालून यायला चार-पाच महिने घेई. त्या पहिल्यांपैकी एकाची पत्नी १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. त्यातला एक मुलगा समुद्रप्रवासातच वारला. पुढच्याच वर्षी नाशिक-त्र्यंबककडच्या दौऱ्यावर असताना तिचा नवरा पटकीने वारला. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणखी एका मुलाचे वडील १८५४ साली मायदेशी जाताना जहाजावर वारले आणि आई मुलांना घेऊन पुढे गेली. तोच मुलगा १८७४ मध्ये मिशनरी होऊन परतला आणि अहमदनगरला अनेक वर्षं राहिला. अशा परतलेल्यांची नावं पाहिली की कुटुंब हेच मिशनचं भरती-खातं होतं असं म्हणावंसं वाटतं.

खरा वाद होता तो मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी ‘घरी’, म्हणजे त्यांनी कधी न पाहिलेल्या देशात, पाठवावं का याचा. बाजूने तीन कारणं दिली जात. पहिलं प्रकृतीचं : ताप, हगवण, पटकी. दुसरं कारण उघड बोललं जाई आणि आज वाचताना खटकतं : आया आणि नोकरांच्या सहवासात मुलं ‘बिघडतील’. मुलं आयाकडून मराठी आधी शिकत आणि इंग्रजी नंतर, याची आईबापांना काळजी वाटे. मोठेपणी परतलेल्यांना मात्र तीच मराठी सर्वांत उपयोगी पडली. तिसरं कारण कॉलेजप्रवेशाचं, आणि ते सर्वांत खरं.

पण दुसरा मार्ग नव्हताच असं म्हणता येत नाही. हवाई बेटांवरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मुलांना केप हॉर्नमार्गे पाठवण्याला कंटाळून १८४१ मध्ये तिथेच स्वतःच्या मुलांसाठी शाळा काढली. इकडे मुंबईत मिशनने मुलींची शाळा १८२४ पासून चालवली, पुढे नगरलाही शाळा आणि वसतिगृहं झाली. म्हणजे परक्यांच्या मुली अंगणात शिकत होत्या आणि स्वतःची मुलं समुद्रापार नातेवाइकांकडे वाढत होती. हवेचं कारण पुढे करून स्वतःच्या मुलांसाठी शाळा काढण्याचा निर्णय लांबवला गेला, असंच प्रस्तुत टिपणकाराचं मत आहे.

सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला, दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये नगरवरून गेला आणि साधारण सात-आठ वर्षांनी रजा मिळू लागली. प्रवास सोपा झाला, पण गणित सुटलं नाही. दोन-दोन वर्षांच्या अंतराने सहा मुलं धरा : रजेच्या वेळी वयं दोन ते बारा. पुढची रजा येईपर्यंत थोरला वीस वर्षांचा आणि आज आठ वर्षांची असलेली मुलगी सोळा वर्षांची होणार. दोघांचंही हायस्कूल मधल्या काळातच पडतं. म्हणून थोरली दोन-तीन तिकडेच ठेवायची, धाकटी परत आणायची. धाकट्यांना आपली थोरली भावंडं फोटोवरूनच माहीत असत. अशा मागे ठेवलेल्या मुलांसाठी बोस्टनजवळ ऑबर्नडेल इथे १८६८ पासून एक निवास चालू होता.

उन्हाळ्यासाठी महाबळेश्वर होतंच. मार्च-एप्रिलमध्ये पुणे, वाई, पसरणीचा घाट करून वर जायचं आणि पाऊस लागायच्या आत खाली यायचं. तिथल्या पावसात बंगल्यांच्या भिंती गवताने झाकून ठेवाव्या लागत. बारमाही शाळा काढण्याची ती जागा नव्हे. १९०१ मध्ये कोडाईकनालला मिशनरी मुलांसाठी शाळा निघाली. तेरा मुलांवर सुरू झालेली ही शाळा एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत भरे. उत्तरेत मसुरीजवळ लंढौरला १८५४ पासूनची शाळा होतीच.

पाचगणी इतकी जवळ, मग एवढ्या लांब का, हा प्रश्न मराठी वाचकाला पडतोच. पाचगणीच्या शाळा ब्रिटिश वळणाच्या. अमेरिकन कॉलेजला हवा हायस्कूलचा दाखला आणि विषयवार पूर्ण केलेला अभ्यास. ब्रिटिश परीक्षा दिलेला मुलगा तिकडे गेला की त्याला कोणत्या वर्गात घ्यायचं यावरच घोळ होई. शिवाय अमेरिकन मिशनांनी चालवलेल्या शाळेत शिक्षक त्यांचेच आणि पंथही ओळखीचा. अंतरापेक्षा दाखला महत्त्वाचा ठरला.

त्याची किंमत प्रवासात मोजावी लागे. दौंडहून रायचूरमार्गे मद्रास. तिथे ब्रॉडगेजचं सेंट्रल आणि मीटरगेजचं एग्मोर ही स्टेशनं वेगळी, त्यामुळे ट्रंका, वळकट्या आणि मुलं मोजून गाडी बदलायची. मदुराईच्या अलीकडे कोडाईकनाल रोडला उतरून बैलगाडीने रातोरात घाटाच्या पायथ्याशी जायचं आणि तिथून सुमारे बारा मैल पायवाटेने चढायचं. लहानांना डोली किंवा खुर्ची, थोरले पायी. मोटारीचा घाटरस्ता पहिल्या महायुद्धाच्या सुमारास झाला. ट्रंकेत प्रत्येक कपड्यावर नाव शिवलेलं असे. बूट आणि गरम कपडे अमेरिकेतल्या टपाली कॅटलॉगवरून मागवायचे तर माप एक-दोन अंक मोठंच द्यावं लागे, कारण पेटी पोचेपर्यंत पाय वाढलेला असे. मोठ्या कुटुंबात तो बूट निदान खालच्या भावंडाला तरी चाले.

शाळेची मोठी सुट्टी थंडीत, म्हणजे मैदानी हवा बरी असते तेव्हा. उन्हाळ्यात उलट मुलांच्या माता वर जात, घर भाड्याने घेत आणि बोर्डिंगमधली मुलं तेवढे दिवस घरून शाळेत जात. खाली वडील एकटे. बायबल-बाया (घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या स्थानिक स्त्रिया) आणि मुलींच्या शाळा यांवर देखरेख मिशनरीच्या पत्नीची, म्हणून ते काम त्या काळात ढिलं पडे. तिला वेगळा पगार नसल्याने या खंडाची नोंदही नीट दिसत नाही. मिशनच्या अहवालात मात्र ‘हवापालट’ एवढंच.

१९४७ नंतर परदेशी मिशनऱ्यांच्या व्हिसावर बंधनं येत गेली. १९५६ मध्ये मध्य प्रदेशातल्या चौकशी समितीच्या अहवालाने हा विषय राजकीय केला. कुटुंबं घटली तशा या शाळा आंतरराष्ट्रीय झाल्या आणि सधन भारतीय मुलांनी भरल्या.

बोर्डिंगबद्दलची शंका जुनीच होती, पण तिला कागदोपत्री आधार उशिरा मिळाला. पश्चिम आफ्रिकेत गिनीमधल्या एका मिशनरी निवासी शाळेत मुलांवर झालेल्या अत्याचारांचा स्वतंत्र चौकशी अहवाल १९९८ मध्ये आला. शाळा बंद होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती. आईबापांकडे तक्रार पोचण्याचा मार्ग म्हणजे पत्र, आणि लहान मुलांची पत्रं मोठ्यांच्या हातून जात. शिवाय तक्रार केली तर वडिलांचं देवकार्य बुडेल, हे मुलांच्या मनावर बिंबलेलं असे.

याच सुमारास गृहशिक्षण आलं. १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत ते कायदेशीर झालं होतं, त्यामुळे घरी शिकलेल्या मुलाला कॉलेजची दारं उघडली. आज आठ मुलांचं मिशनरी कुटुंब परदेशी राहतं ते बहुधा याच आधारावर : सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती चार-पाच इयत्ता, बीजगणित ऑनलाइन, थोरली धाकट्यांचं वाचन घेणारी. अडतं ते दोन ठिकाणी. एक, प्रयोगशाळेचे विषय. दुसरं, यजमान देशाचा कायदा. जर्मनीत गृहशिक्षणाला परवानगी नाही, त्यामुळे तिथे नेमणूक झालेल्या अशा कुटुंबाला मुलं स्थानिक जर्मन शाळेत घालावी लागतात, नाहीतर ब्लॅक फॉरेस्टमधल्या इंग्रजी माध्यमाच्या मिशनरी शाळेची फी भरण्यासाठी देणगीदारांकडे मुलांच्या संख्येनुसार वाढीव आकडा मागावा लागतो.