राहवीर योजना: जखमीला वेळेत पोचवलं, पण प्रस्ताव अडतो पोचपावतीपाशी

रस्त्यावर अपघात झाला की गर्दी जमते, मोबाईल बाहेर निघतात आणि त्यातून एखादाच पुढे होऊन जखमीला गाडीत घालतो. अशा माणसासाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाची योजना आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा बक्षीस ५,००० रुपये होतं. एप्रिल २०२५ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी तिला ‘राहवीर’ हे नाव दिलं आणि रक्कम २५,००० रुपये केली, सोबत प्रशस्तिपत्र. तरीही खरी मदत केलेली माणसं यातून सुटतात, कारण लागणारा कागद, म्हणजे मदत केल्याची पोलिसांची पोचपावती, त्याच दिवशी तयार व्हावा लागतो आणि त्या धावपळीत ते कुणालाच सुचत नाही.

मुळात यात नागरिकाने भरायचा अर्ज नाही. प्रस्ताव पोलीस ठाण्याकडून किंवा रुग्णालयाच्या कळवण्यावरून पुढे जातो. फॉर्म भरून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

कोण पात्र?

अपघातात मोटार वाहन हवं. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, एसटी, काहीही चालेल. दोन सायकलींची टक्कर किंवा रेल्वे अपघात यात बसत नाही. मदत करणारा कुणीही असू शकतो, गाडी त्याच्या मालकीची असण्याची गरज नाही. मात्र त्याने तातडीची मदत करून जखमीला ‘गोल्डन अवर’मध्ये, म्हणजे दुखापतीनंतरच्या पहिल्या तासात, रुग्णालयात पोचवलेलं असावं लागतं.

जखमीची अवस्था पुढील चारपैकी एक तरी असली पाहिजे: मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस रुग्णालयात दाखल, मेंदूला इजा, किंवा मज्जारज्जूला इजा. योजनेत अशाच अपघाताला जीवघेणा म्हटलं आहे. त्यामुळे “माणूस तर वाचला, मग अपघात जीवघेणा कसा?” असं कुणी टेबलामागून विचारलं, तर हे चार निकष दाखवा. माणूस वाचला म्हणूनच तर बक्षीस आहे! उलट, ड्रेसिंग करून त्याच संध्याकाळी घरी सोडलेल्या जखमीसाठी प्रस्ताव टिकत नाही, तिथे हेलपाटे घालू नका.

आता आणखी एक कागद, जो मदत करणाऱ्याकडे कधीच नसतो: डिस्चार्ज कार्ड. तो नातेवाइकांकडे असतो आणि जखमी तर अनोळखी. पत्ता शोधत, फोन करत, आधीच हादरलेल्या घराकडे कागद मागत फिरावं लागतं आणि बरेच जण इथेच सोडून देतात. हे सगळं करण्याची गरजच नाही. डॉक्टरांकडून खातरजमा करून घेणं हे पोलिसांचं काम आहे आणि योजनेत तसं लिहिलेलंही आहे. तुम्ही फक्त रुग्णालयाचं नाव, दाखल केल्याची तारीख-वेळ आणि शक्य झाल्यास एमएलसी क्रमांक, म्हणजे अपघात विभागाने पोलीस केस म्हणून केलेल्या नोंदीचा क्रमांक, एवढं द्या.

तास कधीपासून मोजायचा

सर्वांत जास्त चूक इथे होते. मोटार वाहन कायद्यात गोल्डन अवर म्हणजे दुखापत झाल्यापासूनचा एक तास. तुम्ही तिथे पोचल्यापासूनचा नव्हे. जखमी चाळीस मिनिटं रस्त्याकडेला पडून असेल आणि लोक नुसते बघत असतील, तर तुमच्या हातात वीसच मिनिटं उरतात. म्हणून जमलेल्यांना पहिला प्रश्न विचारा: अपघात किती वाजता झाला?

वेळेची नोंद तीन ठिकाणी होते आणि तिन्हींचं घड्याळ वेगळं असतं. ११२ किंवा १०८ ला केलेला कॉल, रुग्णालयाच्या अपघात विभागातलं रजिस्टर, आणि पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी. डायरीत वेळ पडते ती पोलिसांना खबर मिळाल्याची. तुम्ही जखमीला पोचवून, रक्ताचे कपडे बदलून, तीन तासांनी ठाण्यात गेलात आणि पोचपावतीत तीच एक वेळ उतरली, तर प्रस्ताव मंजूर करणाऱ्या जिल्हा समितीपुढे प्रकरण तासाच्या बाहेरचं दिसतं. अपघाताची वेळ आणि रुग्णालयात पोचल्याची वेळ वेगवेगळी लिहून घ्या.

कॉल लॉगचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. तुमचे हात जखमीवर गुंतलेले असतील तर गर्दीतल्या एकाकडे नेमकं बोट दाखवून सांगा, “निळा शर्ट, तुम्ही ११२ लावा”. सगळ्यांना उद्देशून “कुणीतरी फोन करा” म्हटलं की कुणीच करत नाही. जो व्हिडिओ काढतोय त्याच्याकडून तो लगेच स्वतःच्या फोनवर मागवून घ्या. जखमीला कुणी उचललं आणि किती वाजता, हे त्यात असतं. तो पोलिसांना दाखवण्यापुरताच ठेवा, गटांवर टाकू नका.

जवळच्या छोट्या दवाखान्याने प्रथमोपचार करून पुढे पाठवलं असेल, तर त्या पहिल्या दवाखान्यातली नोंद सोडू नका. तासाचा हिशेब तिथेच जुळतो.

पोचपावती

मार्ग दोन. तुम्ही आधी पोलिसांना कळवलं असेल, तर पोलीस डॉक्टरांकडून खात्री करून ठाण्याच्या लेटरहेडवर पोचपावती देतात. त्यात तुमचं नाव, मोबाईल, पत्ता, घटनेचं ठिकाण, तारीख, वेळ आणि तुम्ही नेमकी काय मदत केली हे असतं. तिची प्रत जिल्हा समितीकडे जाते आणि एक तुम्हाला मिळते. तुम्ही थेट रुग्णालय गाठलं असेल, तर रुग्णालयाने तपशील पोलिसांना कळवायचा असतो आणि पोलीस पोचपावती देतात.

दुसऱ्या मार्गात कळवणं राहून जातं. अपघात विभागात त्या वेळी कुणाला फुरसत नसते आणि रजिस्टरवर ‘अज्ञात व्यक्तीने आणले’ असं लिहून मोकळं होतात. त्या तीन शब्दांनी तुमचा प्रस्ताव संपतो. निघण्याआधी “आणणाऱ्याचं नाव माझं लिहा” असं सांगा आणि जखमीला आणल्याची लेखी पोच मागा. मदत करणाऱ्याने मागितल्यास वेळ आणि ठिकाण नमूद करून अशी पोच द्यावी, हे केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. त्या सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मंजुरी दिली. “आमच्याकडे असा नमुना नाही” हे उत्तर मिळेल. साध्या कागदावर सही-शिक्क्यानिशी द्या म्हणावं.

ठाण्यात दुसरी अडचण हद्दीची. पोचपावती घटनास्थळाच्या हद्दीतलं ठाणं देतं, रुग्णालयाशेजारचं नव्हे. महामार्गावर दोन ठाण्यांच्या सीमेवर हा वाद हमखास होतो, म्हणून जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा किंवा गावाचा फाटा टिपून ठेवा.

तोंडी मागणीवर विसंबू नका. प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे एका पानाचं विनंतीपत्र द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. “साहेब आले की बघू” हे वाक्य आवक क्रमांकापुढे टिकत नाही.

नाव द्यावं की नाही

नाव न सांगता निघून जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६८ सांगतो की मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची सक्ती पोलीस किंवा इतर कुणीही करू शकत नाही. तुम्ही नातेवाईक नसाल तर रुग्णालय तुमच्याकडे डिपॉझिट मागू शकत नाही. सद्भावनेने केलेल्या मदतीत काही उणं राहून जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही.

बक्षिसासाठी मात्र नाव द्यावंच लागतं. अनेकांना वाटतं की नाव दिलं की कोर्टाच्या तारखा मागे लागल्या. तसं नाही. साक्षीदार होणं ही वेगळी, तुमच्या इच्छेची बाब आहे. झालातच, तर नियम १६९ नुसार जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी, साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि तोही एकदाच. कुणी “बक्षीस मागता, मग ही सेवा कसली?” म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. बक्षीस सरकारने ठेवलं आहे ते लोक बघे राहू नयेत म्हणूनच.

पुढे काय होतं

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत पोलीस, आरोग्य आणि परिवहन खात्याचे जिल्ह्यातले प्रमुख असतात. तिने दर महिन्याला प्रस्ताव पाहायचे असतात. मंजूर प्रकरणं परिवहन आयुक्तांकडे जातात आणि रक्कम थेट बँक खात्यात येते. एका जखमीला अनेकांनी वाचवलं तर रक्कम सारखी वाटली जाते, म्हणून सोबत उचलणाऱ्यांची नावं पहिल्याच पोचपावतीत घाला. एकट्याने एकाच अपघातातले अनेक वाचवले तरी २५,००० च. वर्षात एका व्यक्तीला जास्तीत जास्त पाच वेळा. याशिवाय देशभरातून निवडलेल्या दहा जणांना दरवर्षी राष्ट्रीय पातळीवर एक लाख रुपये मिळतात.

दोन महिने काहीच कळलं नाही तर पोलीस ठाण्यातून समितीकडे गेलेल्या पत्राचा जावक क्रमांक विचारा. पत्र गेलंच नसेल तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात आवक क्रमांकासह तक्रार द्या. गेलं असेल तर आरटीओ कार्यालयात चौकशी करा, आणि तिथेही टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकारात प्रस्तावाची सद्यस्थिती मागा. २०२१ च्या योजनेची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत ठेवलेली होती. त्यामुळे पाठपुरावा करताना अपघाताच्या तारखेला कोणतं परिपत्रक लागू होतं ते आरटीओकडून लेखी घ्या.