सोयाबीनला पेरताना नत्र किती? वादामागची पार्श्वभूमी

हरभऱ्याचा, मुगाचा बेवड (म्हणजे त्या पिकानंतर त्याच जमिनीत येणाऱ्या पिकाला होणारा फायदा) चांगला हे शेतकरी पूर्वीपासून जाणून होते. त्यामागचे मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंचे काम, म्हणजे हवेतले नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देणे, 1880 च्या दशकात जर्मनीत सिद्ध झाले. पुढे 1942 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात चिमूटभर मॉलिब्डेनम, म्हणजे या जिवाणूंना नत्र बांधायला लागणारे सूक्ष्म अन्नद्रव्य, दिल्यावर क्लोव्हरचे चारापीक जोमाने वाढल्याचे दिसले. पण ती जमीन आम्लधर्मी होती. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मॉलिब्डेनम सहज मिळते, अडतात ते स्फुरद (फॉस्फरस) आणि लोह.

आपल्याकडे हा विषय तापला तो सोयाबीनमुळे. 1980 च्या दशकात हे पीक विदर्भात पसरू लागले, नंतर मराठवाड्यात. तुरी-मुगाचे जिवाणू जमिनीत होतेच, सोयाबीनचे नव्हते. म्हणून 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे जिवाणूंचे पाकीट, गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचे, ही बीजप्रक्रिया आली.

वाद मात्र पेरणीच्या वेळच्या नत्राचा. गाठी कामाला लागायला तीनेक आठवडे जातात, तोवर रोपाला थोडा आधार हवा, यावर सगळे सहमत. पण थोडा म्हणजे किती? कुठे हेक्टरी 30 किलोची शिफारस, कुठे 50. पन्नासवाल्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही: टनभर दाण्यामागे पीक सुमारे 80 किलो नत्र उचलते आणि गाठी ते सगळे पुरवत नाहीत. पण आयते नत्र मिळाले की झाड गाठींना साखर पुरवण्यात हात आखडते, आणि हेच इथे बाजूला पडते. एका गाठीला नख लावून बघावे. आत गुलाबी असेल तर ती कमावती, हिरवट किंवा पांढुरकी असेल तर नुसती पोसलेली. तो गुलाबी रंगही लोहावरच अवलंबून. शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडले की ती लोहाची कमतरता असते, त्यामुळे तिथे युरिया फेकणे हा चुकीच्या रोगावरचा इलाज ठरतो.

दरांनीही हा वाद एका बाजूला झुकवला. 1992 मध्ये स्फुरद-पालाशच्या खतांवरचे किंमत नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. 2010 च्या पोषणद्रव्याधारित अनुदानातूनही युरिया वगळला गेला. गाठींना लागणारे स्फुरद महागले, त्यांना सुस्तावणारे नत्र स्वस्त राहिले.

अलीकडच्या हंगामांत डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची टंचाई झाली, तेव्हा त्याच्या एका पोत्याऐवजी तीन पोती सुपर फॉस्फेट हे स्फुरदाचे खत आणि एक युरिया हा पर्याय पुढे आला. सुपरमधून गंधक मिळते, जे डीएपीत नाही, ही चांगली बाजू. पण डीएपीच्या पोत्यात नत्र 9 किलो, युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात जवळपास 21. एकरी एक पोते धरले तर हेक्टरी 50 किलोचा आकडा कुणी न ठरवताच गाठला जातो. 9 किलो नत्राला 20 किलो युरिया पुरतो. पण फोडलेले पोते अर्धे घरी परत नेणारे फार थोडे.