तपासणीच्या सूत्रातले एक अक्षर: पार्श्वभूमी

अमेरिकेत परिचर्या (नर्सिंग), वैद्यक आणि दंतवैद्यक या शाखांच्या विद्यार्थ्यांना मौखिक आरोग्य एकत्र शिकवण्याचा आग्रह जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. त्यांच्यातला दुरावा मात्र १८४० पासूनचा, म्हणजे बाल्टिमोरमध्ये दंतवैद्यकाचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले तेव्हापासूनचा. वैद्यकीय महाविद्यालयाने दारे बंद केल्यामुळे ते निघाले, ही कथा आवडीने सांगितली जाते, पण तिला कागदोपत्री आधार तोकडा आहे. पुढे १९६५ साली ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्यातून नेहमीचे दंतोपचार वगळले गेले आणि दुरावा पैशातही उतरला.

तोंडाचे आरोग्य उर्वरित शरीरापासून वेगळे काढता येत नाही, असे २००० सालच्या राष्ट्रीय अहवालाने बजावले. २००७ मध्ये मेरीलँडमधला बारा वर्षांचा मुलगा दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून दगावला, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ सर्वांना कळला. २०११ मध्ये सहा आरोग्यव्यवसायांच्या शिक्षणसंघटनांनी, एकत्र काम करण्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला काय यायला हवे, अशा समान क्षमता ठरवल्या. त्यांत दंतवैद्यकही होते.

खरा वाद रंगला तो एका अक्षरावरून. डोके, डोळे, कान, नाक आणि घसा या तपासणीचे, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेले ‘एचईईएनटी’ हे सूत्र तिथले विद्यार्थी पहिल्या वर्षापासून घोकतात. घसा पाहायचा तर तोंड उघडावेच लागते, तरी वाटेतले दात, हिरड्या, जीभ आणि टाळू यांना या सूत्रात जागा नव्हती. २०१५ मध्ये परिचर्येच्या अध्यापकांनी मौखिक पोकळीसाठी ‘ओ’ घालून ‘एचईईएनओटी’ सुचवले. अक्षर वाढवल्याने वैद्यकाची सवय बदलत नाही, हा आक्षेप खोटा नाही. तथापि तपासणीच्या नोंदीत जे लिहावे लागते तेच पाहिले जाते, हे रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. शिवाय त्या अक्षराखाली काय पाहायचे, हे परिचर्येच्या विद्यार्थ्याला दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याकडून शिकावे लागते आणि औषधांचा व आजारांचा इतिहास कसा घ्यायचा, हे परिचर्येचा विद्यार्थी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला उलट शिकवू शकतो. एका सभागृहात शेजारी बसून एकच व्याख्यान ऐकणे म्हणजे आंतरव्यावसायिक शिक्षण, अर्थात वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून शिकणे, नव्हे, हा भेद इथेच स्पष्ट होतो.

दरम्यान २०१४ मध्ये, पहिला दुधाचा दात येताच बाळाच्या दातांना फ्लोराइडचा लेप प्राथमिक सेवेतच लावावा, अशी शिफारस झाली. लेप लावताना कीड आढळली तर गरिबांसाठीचा सरकारी विमा स्वीकारणारा दंतवैद्य कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमाच्या हाती नव्हता.