‘लॉरेन’ हे नाव ‘लॉरा’वरून आलेलं नाही

मुलींच्या नावांच्या याद्यांमध्ये ‘लॉरेन’ (Lorraine) हे ‘लॉरा’चंच एक रूप असल्याचं वर्षानुवर्षं छापलं जातंय. अर्थ काय, तर लॉरेल वृक्षाची पानं, विजयाचा मुकुट. गोव्यात, वसईत, मुंबईत हे नाव असलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांना खरं मूळ कळायला हवं.

लॉरा लॅटिनमधून आलं, हे बरोबर. लॉरेन मात्र ईशान्य फ्रान्समधल्या प्रदेशाचं नाव आहे आणि त्या प्रदेशाला नाव मिळालं एका राजावरून. इसवी सन 855 मध्ये सम्राट पहिला लोथार वारला आणि राज्य तीन मुलांत वाटलं गेलं. उत्तरेकडचा भाग दुसऱ्या लोथारकडे आला. लोथारचं राज्य ते लोथारिंजिया. फ्रेंचमध्ये झिजत झिजत लॉरेन.

या लोथारची बरीचशी कारकीर्द राणी थॉइटबेर्गाला सोडण्याच्या खटपटीत गेली. तिच्यावर घाणेरडे आरोप झाले. 858 मध्ये तिच्या वतीने एका माणसाने उकळत्या पाण्यात हात घालून दिव्य केलं. हात भाजला नाही, म्हणून ती निर्दोष ठरली. तरी राजाने पिच्छा सोडला नाही. शेवटी पोप पहिला निकोलस तिच्या पाठीशी उभा राहिला. मला या गोष्टीत राजापेक्षा तीच मोठी वाटते.

869 मध्ये लोथार औरस वारसाविना गेला, पुढच्याच वर्षी काकांनी राज्य वाटून घेतलं. प्रदेशाचं नाव तेवढं टिकलं. मुलींना ते सर्रास ठेवलं जाऊ लागलं ते फार उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, तेही मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या देशांत.