थंडीची लाट कधी 'जाहीर' होते? हिवाळी इशाऱ्यांची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की हवामान खात्याच्या नकाशावर उत्तर भारत पिवळा-केशरी दिसू लागतो. या रंगांचा अर्थ पावसाळ्याने घरोघरी पोचवला आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. हिवाळ्यात मात्र एकाच राज्यासाठी एकाच दिवशी थंडीची लाट, थंड दिवस, दाट धुके, गोठणारे दंव आणि डोंगरात हिमस्खलन असे निरनिराळे इशारे येतात. ते कुणी एकत्र बसून आखलेले नाहीत. ज्या काळात ज्याला गरज पडली, तसतसा एकेक जोडला गेला. म्हणूनच त्यांच्यात फटी आहेत आणि त्या फटींत माणसे सापडतात.

खरे तर हे सगळे धोके बहुतेक वेळा एकाच पाहुण्याबरोबर येतात. भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी झंझावात, म्हणजे पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवेच्या प्रणाली, इराण-अफगाणिस्तानमार्गे हिमालयाला येऊन धडकतात. झंझावात डोक्यावर असताना मैदानात ढग असतात, रात्री उलट थोड्या उबदार असतात आणि पहाडात बर्फ पडत असतो. तो पुढे सरकला की आकाश निवळते, वायव्येकडून कोरडे वारे सुटतात आणि पंजाब-हरियाणापासून विदर्भापर्यंत पारा घसरतो. त्याच वेळी वर पहाडात उतारावर साचलेला नवा बर्फ घसरायच्या बेतात असतो. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत घातक, आणि नेमके तेव्हाच ऊन पडलेले असते. मैदानातल्या पर्यटकाला तेच ऊन 'आता निघायला हरकत नाही' असे सांगते.

जुना इतिहास थोडक्यात. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे मुख्यालय आधी कलकत्त्याला होते, १९०५ पासून सिमल्याला. पण खात्याला सुरुवातीपासून हिमालयातल्या बर्फात रस होता तो वेगळ्याच कारणासाठी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर पावसाचा अंदाज ही सरकारची निकड झाली होती. १८८४ साली एका इंग्रज हवामानतज्ज्ञाने हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर जातो, असा संबंध मांडला आणि बर्फाची मोजदाद त्यासाठी होऊ लागली. त्या बर्फाखाली गाव सापडेल का, हा प्रश्न त्या कामात नव्हता. १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले. शिवाजीनगरची ती दगडी इमारत आणि तिथला चौक आजही 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखला जातो. पहाडातल्या लोकांचे स्वतःचे पंचांग मात्र आधीपासून होते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास चाळीस दिवसांचे चिल्लई कलाँ, म्हणजे सर्वांत कडक थंडीचा काळ, सुरू होते, मग वीस दिवसांचे चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचे चिल्लई बच्चा. भाज्या वाळवून ठेवणे, लाकूडफाटा भरणे, कांगडीसाठी, म्हणजे अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या शेगडीसाठी, कोळसा साठवणे हे सगळे त्या हिशेबाने चालायचे.

हिमस्खलनाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो चीन-पाकिस्तानशी झालेल्या युद्धांनंतर, सीमेकडे जाणारे रस्ते आणि चौक्या हिवाळ्यात टिकवायच्या म्हणून. १९६९ साली मनालीत त्यासाठी संरक्षण खात्याची संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती चंदीगडच्या मोठ्या संस्थेत विलीन झाली. तिचे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. पण जन्म लष्करी गरजेतून झाल्यामुळे हिमस्खलनाचा इशारा आणि हवामानाचा इशारा आजही दोन वेगळ्या ठिकाणांहून निघतात, आणि नागरी वस्तीपर्यंत पोचायची वाट लांबची राहिली. जानेवारी १९९५ मध्ये जवाहर बोगद्याजवळ महामार्गावर अडकलेल्या गाड्यांवर बर्फ कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारी २००५ मध्ये कुलगाम भागातले वालटेंगू नाड हे गाव बर्फाखाली गेले. आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा इथे रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या कंटेनरवर हिमस्खलन झाले. ५४ जणांपैकी ४६ वाचले, ८ गेले. त्या जिल्ह्यासाठी इशारा आदल्याच दिवशी निघाला होता. इशारा निघतो, पण छावणी रिकामी करायची का, हे त्या कागदावरून कुणी ठरवायचे, याचे उत्तर त्यात नसते.

मैदानातल्या इशाऱ्यांचा खरा गुंता मात्र थंडीच्या लाटेच्या व्याख्येत आहे आणि त्यावर जरा थांबायला हवे. सध्याचा निकष असा: मैदानी हवामान केंद्रावर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल, तर थंडीची लाट. घट त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. शिवाय पारा ४ अंशांवर आला की सरासरी न पाहता लाट, २ अंशांवर तीव्र लाट. डोंगराळ केंद्रांसाठी १० ऐवजी शून्य अंश, किनारपट्टीसाठी १५. पूर्वी घटीचे आकडे पूर्ण अंशांत होते आणि सरासरी १० च्या वर की खाली यावरून ते बदलत. नवी पद्धत निश्चितच सुटसुटीत आहे. पण एक अट आहे: एका हवामान उपविभागातल्या (खात्याने नोंदींसाठी आखलेल्या प्रदेशातल्या) किमान दोन केंद्रांवर ही स्थिती सलग दोन दिवस हवी आणि लाट जाहीर होते दुसऱ्या दिवशी. आगाऊ इशारा वेगळा दिला जातो, हे खरे. तरी अधिकृत नोंदीत लाट 'आली' की नाही, हे या अटीवर ठरते.

सरासरीशी तुलना करणे शास्त्राला धरून आहे, कारण शरीर आणि घरे स्थानिक हवेला सरावलेली असतात. लेहमध्ये जानेवारीत उणे १२ ही बातमी नाही, नागपुरात ५ अंश ही आहे. माझा आक्षेप दुसरा आहे. हा सगळा निकष पहाटेच्या पाऱ्यावर उभा आहे. गंगेच्या मैदानात हिवाळ्यात हवेचा गार थर जमिनीलगत अडकतो, भिजवलेल्या शेतांची ओल आणि शहरांचा धूर त्यात मिसळतो आणि धुके उचलून ढगासारखे वर पसरते. ते दिवसा ऊन अडवते आणि रात्री जमिनीची ऊब धरून ठेवते. परिणामी किमान तापमान ७-८ अंशांवर राहते, म्हणजे लाट नाही, पण दुपारी बारा वाजताही पारा १२ च्या वर सरकत नाही. बांधकामावरचा मजूर, पदपथावर झोपणारा, पातळ भिंतीच्या खोलीत राहणारे म्हातारे जोडपे यांना दुपारचे ऊन हाच एकमेव हीटर असतो. तोच आठवडाभर मिळत नाही.

यासाठी 'थंड दिवस' हा वेगळा वर्ग आहे: किमान १० किंवा कमी आणि कमाल सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी खाली. व्याख्या चांगली आहे, पण बातम्यांत आणि सरकारी कामात तिला लाटेचे वजन मिळाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीत दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवस असेच गारठलेले होते. ३० डिसेंबरला तिथल्या सफदरजंग हवामान केंद्रात कमाल तापमान अवघे ९.४ अंश नोंदले गेले. तेव्हाही मथळे पहाटेच्या नीचांकाचेच जास्त होते. माझ्या मते कमाल आणि किमान दोन्ही धरून एकच निकष व्हायला हवा होता.

धुक्याची गोष्ट उलटी. तिथे पैसा आणि यंत्रणा लवकर आली, कारण रेल्वे आणि विमाने अडतात. रेल्वेत सिग्नलच्या २७० मीटर अलीकडे रुळावर दहा मीटरच्या अंतराने दोन फटाके लावायचे, चाकाखाली ते फुटले की चालकाने सिग्नल जवळ आल्याचे ओळखायचे, ही पद्धत फार जुनी. आता इंजिनात जीपीएसवर चालणारे उपकरण असते. दिल्लीच्या धावपट्टीवर धुक्याचा सविस्तर अभ्यास २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून सुरू झाला, त्यात पुण्यातल्या हवामान संशोधकांचा मोठा वाटा आहे. दृश्यमानता २०० मीटरखाली गेली की दाट धुके, ५० खाली अतिदाट, हे निकष स्पष्ट आहेत. रस्त्यावर मात्र त्यांचा उपयोग अजून फार कमी. एक्स्प्रेस-वेवर एकामागोमाग एक आदळलेल्या गाड्यांची बातमी दरवर्षी येतेच.

२०१२ साली केंद्राने थंडीची लाट आणि दंव यांना मदतीस पात्र आपत्तींच्या यादीत घेतले. तेव्हापासून निकष हा नुकसानभरपाईचाही प्रश्न झाला, आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांखाली गेला, नागपुरात २९ तारखेला ३.५ अंश नोंदले गेले. त्या दिवसांत निफाडचे बागायतदार पहाटे तीन-चारला द्राक्षांच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवून धूर धरत होते, विहिरीचे कोमट पाणी बागेला सोडत होते. मणी तडकले तर निर्यातीचा माल स्थानिक बाजारात जातो. बागेतले तापमान गावातल्या केंद्रापेक्षा दोन-तीन अंशांनी वेगळे असू शकते, पण पंचनाम्याला आधार लागतो तो अधिकृत नोंदीचा. तालुक्यात अशी केंद्रे किती आणि कुठे, यावर भरपाईची मागणी टिकते किंवा पडते.