ल्युकेमियात रक्त उतरलं की बीट-डाळिंब पुरेल का?

नात्यातल्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: ‘ब्लड कॅन्सरच्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरलं, तर बीट-डाळिंबाचा रस आणि लोहाच्या गोळ्या वाढवा.’ सल्ला मायेपोटीच येतो, आणि रक्त कमी म्हणजे लोह कमी हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं.

पण क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, या हळूहळू वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरमध्ये कारण वेगळं असू शकतं. साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तांबड्या पेशींना परकं समजते. तिने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्या पेशींना चिकटतात आणि 120 दिवस जगणारी पेशी कितीतरी आधीच फुटते. फुटलेल्या पेशीतलं लोह बहुतेक शरीरातच राहतं. मग वरून लोह देऊन पेशींचं फुटणं कसं थांबेल?

डोळे पिवळसर, लघवी चहासारखी गडद, जिना चढताना धाप असं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रिपोर्टमध्ये रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या तांबड्या पेशी), बिलिरुबिन (तांबड्या पेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य), एलडीएच (पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं आहे का, ते विचारा. नेमकी तपासणी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेली प्रतिपिंडं शोधणारी डायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. ती पॉझिटिव्ह आली तरी बाकीच्या आकड्यांसोबतच वाचायची असते. निदान पक्कं झालं, तर उपचार बहुधा स्टेरॉइडने सुरू होतात. डाळिंब आवडत असेल तर जरूर खा, फक्त त्यावर विसंबून आठवडे घालवू नका.